एका आठवड्याची ७४ पाकिटं

पत्र :

ताई, नमस्कार. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो. मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. सासूबाई आमच्याजवळ असतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. गेल्या महिन्यात कचरा न्यायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, तुमच्या पिशवीत नुसती चकचकीत पाकिटं असतात, ह्यांना भंगारात कुणी विचारत नाही." मला ते फार लागलं. मग एक आठवडाभर सगळी पाकिटं वेगळ्या पिशवीत टाकली आणि रविवारी मोजली. ७४ निघाली. बिस्किटांची २३, वेफर्स वगैरेंची १९, सॉस-कॉफी-शाम्पूच्या पुड्या ११, फळांच्या रसाचे खोके ८, बाहेरून मागवलेल्या जेवणाचे डबे ७ आणि नूडल्सची ६. त्याच दिवशी ठरवलं, आता सगळं घरी करायचं. शंकरपाळे, चकली, चिवडा असं तिन्ही एका रविवारी केलं. पुढच्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या रविवारी कढईसमोर उभ्या उभ्या रडू आलं. नवरा मदत करतो, पण प्रत्येक गोष्ट सांगावी लागते. मुलगी म्हणते, डब्यातले शंकरपाळे बघून मैत्रिणी हसतात. आणि एवढं करून एका घरानं काय फरक पडणार, असंही मनात येतं. माझं कुठे चुकतंय?
— एक आई, पुणे

उत्तर :

प्रिय ताई,

तुम्ही मोजलंत अगदी नीट. पण मोजून झाल्यावर त्या आकड्यांकडे पुन्हा न बघता थेट कढई चढवलीत, चुकलं ते तिथे.

तुमची यादी मी समोर ठेवली आहे. ७४ पैकी ४२ पाकिटं बिस्किटांची आणि वेफर्सची. ही ४२ पाकिटं दिवसाच्या कुठल्या वेळी फुटतात ते आठवून बघा. दोन मुलांच्या घरात ती बहुतेक दोनच वेळांना फुटतात. एक, शाळेतली छोटी सुट्टी. दुसरी, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा, जेव्हा मुलं खेळून किंवा क्लासवरून घरी येतात, तुम्ही अजून वाटेत असता आणि स्वयंपाकघरात कुणी नसतं. त्या वेळेला मुलाला चकली हवी की वेफर्स हा प्रश्नच नसतो. त्याला भूक लागलेली असते आणि हाताशी जे येईल ते तो खातो. पाकीट फोडायला कुणाला हाक मारावी लागत नाही. तुमच्या चकल्या कुठे होत्या? बहुधा वरच्या फळीवर, घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात, "पाहुणे आले तर" म्हणून.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की पदार्थ वाढवू नका, त्या दोन वेळा सांभाळा. एका वेळी घरात एकच कोरडा खाऊ पुरे. तो संपला की दुसरा. आणि तो दुसरीतल्या मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर, त्याला एकट्याला उघडता येईल अशा डब्यात ठेवायचा. उरलेल्या ३२ पाकिटांकडे महिनाभर बघूसुद्धा नका.

खाऊ कोणता करायचा, तर शंकरपाळे आणि चकली आत्ता बाजूला ठेवा. दोन्ही तळणीचे, दोन्हींना तास-दीड तास उभं राहावं लागतं. चकलीची भाजणी जरा बिघडली की ती तेलात विरघळते आणि सगळा दिवस हातचा जातो. ते दिवाळीचे पदार्थ आहेत, दिवाळीलाच शोभतात. तुम्हाला हवा आहे तो वीस-पंचवीस मिनिटांत होणारा, न तळता होणारा, आठ-दहा दिवस टिकणारा खाऊ. माझ्या मते त्यात भडंगाला तोड नाही.

भडंग मी जरा सविस्तर सांगते, कारण ते तुम्ही नाही, तुमच्या यजमानांनी करायचं आहे. पाव किलो चुरमुरे म्हणजे एक मोठं पातेलं भरतं. कोल्हापूर-सांगलीकडचे, जयसिंगपूरचे टपोरे चुरमुरे मिळाले तर उत्तमच, नाहीतर साधे चालतात. आधी ते कोरड्या कढईत मंद आचेवर परतायचे. दोन बोटांत दाबल्यावर चटकन चुरा झाला की पुरे. पावसाळ्यात ही पायरी गाळायची नाही. मग अर्धी-पाऊण वाटी तेल, मोहरी, वाटीभर शेंगदाणे. शेंगदाणे तांबूस झाले की पंधरा-वीस पाकळ्या लसूण, सालासकट ठेचलेला. इथे घाई करायची नाही. लसूण तेलात पडला की चुरचुर आवाज येत राहतो. तो आवाज कमी होत होत थांबला, की लसणातलं पाणी गेलं. ओलसर लसूण राहिला तर भडंग तिसऱ्या दिवशी सादळतं आणि मग "घरचं मऊ पडतं" म्हणून मुलं पुन्हा पाकिटाकडे वळतात. नंतर मूठभर कढीपत्ता, तोही कुरकुरीत होऊ द्यायचा. गॅस बंद. तेल जरा निवल्यावर हळद आणि कांदा-लसूण मसाला किंवा साधं तिखट, कारण कडकडीत तेलात तिखट करपतं. ही फोडणी चुरमुऱ्यांवर ओतायची, वरून मीठ, चमचा-दोन चमचे मेतकूट, थोडी पिठीसाखर, आणि दोन्ही हातांनी खालून वर असं कालवायचं. कालवायचं काम मुलांना द्या. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचं नाही. कोमट भरलं की झाकणाला आतून वाफ धरते आणि सगळी मेहनत वाया.

पुढच्या वेळी पातळ पोह्यांचा चिवडा, त्याच्या पुढच्या वेळी खारे शेंगदाणे आणि फुटाण्यांची भेळ, मग कधी राजगिऱ्याच्या लाह्या गुळात घालून वड्या. हे सगळं न तळता होतं. तुमच्या भागात फुटाण्यांची भट्टी असेल तर शोधा. तिथे चुरमुरे, फुटाणे, डाळं, दाणे मापानं मिळतात. तुम्ही कापडी पिशवी पुढे केली तर भट्टीवाला त्यात ओततो. गरम फुटाणे घरी येईपर्यंत निम्मे संपतात, तो भाग वेगळा.

छोट्या सुट्टीला मात्र चुरमुरे नेऊ नका, वर्गात सांडतात आणि बोटं तिखट होतात. तिथे हाताला न लागणारं, दोन घासांत संपणारं काहीतरी हवं. शेंगदाण्याच्या कुटाचा गूळ घालून वळलेला लाडू, खजुराचे तुकडे, तिखट-मिठाच्या पुऱ्या, किंवा नुसतं तूप-साखर लावून गुंडाळलेली पोळी. ह्या शेवटच्याला कमी लेखू नका. दोन पिढ्या त्यावर शाळा शिकल्या. पुऱ्या चार दिवस टिकतात. शेंगदाण्याच्या लाडवाला तर गॅससमोर उभंही राहावं लागत नाही. दाणे भाजून ठेवलेले असले की मिक्सरमध्ये कूट, त्यात किसलेला गूळ, थोडी वेलची, आणि वळायला बसायचं. हे काम सासूबाई टेबलाशी बसून करू शकतील. पण त्यांना विचारा, गृहीत धरू नका. हवं असेल तर त्या हौसेनं करतील, आणि एखाद्या आठवड्यात नको वाटलं तर नको म्हणायची मोकळीक त्यांना असली पाहिजे.

आता "मदत" ह्या शब्दाविषयी. तो मला तुमच्या पत्रात खटकला. नवरा मदत करतो, ह्याचा अर्थ काम तुमचं आहे आणि तो अधूनमधून हात लावतो. पाकिटं चार जण खातात आणि त्यांच्याऐवजी काय करायचं हे एकटीनं लक्षात ठेवायचं, अशानं कुणीही तिसऱ्या रविवारी रडेल. तेव्हा "आज जरा भडंग करतोस का" असं सांगू नका. खाऊचा डबा त्यांच्या नावावर करा. डब्यात काय आहे, किती उरलंय, कधी संपेल, चुरमुरे कुठून आणायचे, हे सगळं त्यांचं. एखाद्या आठवड्यात डबा रिकामा राहिला तर राहू द्या. तुम्ही मध्ये पडून भरलात तर तो परत तुमचा झाला.

पूर्वी कुठे होती पाकिटं, असं आपल्याकडे फार अभिमानानं म्हटलं जातं. नव्हतीच. पण त्या घरांतल्या बायकांना सुट्टीही नव्हती. एप्रिल-मे म्हणजे कुरडया, सांडगे, पापड, पहाटे चीक शिजवायचा आणि उन्हात वाळवणाची राखण करायची. त्यांच्या हातची चव मला प्रिय आहे, पण तसं घर परत आणायला मी तुम्हाला सांगणार नाही. जे घरी जमत नाही ते विकत घ्या. फक्त कुणाकडून आणि कशात, हे बघा. तुमच्या आसपास एखादा महिला बचत गट चकली, लाडू, खाकरे करत असेलच. किलोभर सांगून ठेवा आणि आपला स्टीलचा डबा घेऊन जा. कोपऱ्यावरच्या इडलीवाल्याकडेही डबा चालतो, पहिल्यांदा जरा संकोच वाटतो इतकंच.

ह्या सगळ्यात एक फसगत होऊ शकते, तीही सांगून ठेवते. घरी केलं म्हणजे कचरा संपला असं नाही. पोहे प्लास्टिकच्या पिशवीत येतात, तेल पिशवीत, गूळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. तरी दोन्हींत फरक आहे. अर्धा किलो पोह्यांची एक पिशवी म्हणजे दहा रुपयांची डझनावारी पाकिटं टळतात. शिवाय ती पिशवी बहुतेक वेळा एकाच जातीच्या प्लास्टिकची असते. स्वच्छ आणि कोरडी असली तर भंगारात तिला किंमत आहे. दुधाच्या पिशवीचंही तसंच. फक्त कोपरा कापताना तुकडा सुटा करू नका, पिशवीलाच लटकत राहू द्या. तो नखाएवढा तुकडा एकदा गटारात गेला की कुणाच्याच हाती लागत नाही.

चकचकीत पाकिटाचं तसं होत नाही, आणि तुमच्या मावशी म्हणाल्या ते अक्षरशः खरं आहे. वेफर्सचं पाकीट आतून चंदेरी दिसतं, कारण प्लास्टिकच्या पातळ थरांना ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. हे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सुटे करून पुन्हा वापरणं परवडत नाही. वजन तर इतकं कमी की किलोभर गोळा करायला शेकड्यांनी पाकिटं वेचावी लागतात. फार तर काही ठिकाणी ती सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात, बाकीची कचरा डेपोत.

तुमच्याकडे येणाऱ्या मावशी बहुधा 'स्वच्छ' ह्या सहकारी संस्थेच्या असतील. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, त्यातूनच पुढे ही संस्था आली. ह्या मावश्यांचं उत्पन्न दोन ठिकाणांहून येतं, घरोघरचं महिन्याचं शुल्क आणि वेचलेल्या भंगाराची विक्री. म्हणजे वर्तमानपत्र, बाटली, दुधाची पिशवी ही त्यांची कमाई, आणि वेफर्सचं पाकीट हे त्यांनी फुकट वाहिलेलं ओझं. त्या तुम्हाला टोमणा मारत नव्हत्या, त्यांनी हिशेब सांगितला.

आणि इथेच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. एका घरानं पुणे शहराचा कचरा कमी होणार नाही. पण आठवड्याला ४२ म्हणजे वर्षाला दोन हजार एकशे चौऱ्याऐंशी पाकिटं होतात, आणि ती सगळी एका ओळखीच्या बाईच्या हातातून जातात. त्यातली निम्मी थांबली तरी फरक तिला कळतो. ह्यापलीकडचा सगळा भार मात्र तुम्ही एकटीनं मनावर घेऊ नका. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, पेय प्यायच्या नळ्या, ताटल्या बंद झाल्या, पण कारखान्यातून सीलबंद होऊन येणारी खाऊची पाकिटं त्या बंदीत आली नाहीत. २०१६ च्या नियमांनी अशा वेष्टनांचा कचरा गोळा करण्याची जबाबदारी ती बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवर टाकलेली आहे. ती त्यांची आहे, आणि ती त्यांनी पार पाडावी हे मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. सोसायटीच्या बैठकीत, नगरसेवकाकडे, जिथे संधी मिळेल तिथे बोला. चकल्या तळून ती जबाबदारी तुमच्या अंगावर येत नाही.

पुढचा महिना उजाडला की जेवणाच्या त्या ७ डब्यांकडे वळा. संख्येनं कमी असले तरी जागा तेच सर्वांत जास्त खातात, आणि तेलकट असले की धुतल्याशिवाय कुणी घेत नाही. माझा अंदाज असा की त्यातले बरेचसे तुमच्या दोघांच्या ऑफिसातल्या दुपारचे आहेत, ज्या दिवशी सकाळी डबा झाला नाही त्या दिवसांचे. त्यावर माझ्या घरात एक सवय कामाला आली. रात्रीची भाजी किंवा उसळ शिजली की पानं वाढायच्या आधी उद्याच्या डब्याची वाटणी काढून ठेवायची, गार झाली की फ्रिजमध्ये. आधी, नंतर नाही. "उरली तर डब्याला होईल" असं म्हटलं की ती कधीच उरत नाही. सकाळी फक्त पोळ्या. त्या फॉइलमध्ये न गुंडाळता धुतलेल्या मऊ सुती रुमालात गुंडाळायच्या. फॉइलमध्ये वाफेनं त्या ओल्या होतात, रुमालात दुपारपर्यंत मऊ राहतात. भाजी नसेल त्या दिवशी जवसाची, कारळ्याची नाहीतर दाण्याची चटणी आणि दही. ह्या चटण्या बरणीत असल्या की डबा चुकत नाही.

आणि घरात थालीपिठाची भाजणी ठेवा. संध्याकाळच्या भुकेला आणि सुट्टीच्या दुपारी, जेव्हा हात आपोआप फोनकडे जातो, तेव्हा तिचा फार आधार असतो. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, थोडे गहू, धने-जिरे. प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं, सासूबाईंना त्यांचं विचारून लिहून घ्या. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजायचं. मग डबा घेऊन गिरणीत. आपली पिठाची गिरणी ही एक जागा अशी आहे जिथे अजूनही माणसं न सांगता आपला डबा घेऊन जातात, आणि येताना त्याच डब्यात पीठ घेऊन येतात. थालीपीठ थापायला पुष्कळ जण दुधाची पिशवी कापून घेतात. त्याऐवजी सुती रुमाल ओला करून पोळपाटावर पसरा, त्यावर थापा, मधे भोक पाडा आणि रुमालासकट उचलून तव्यावर उलटं घाला. रुमाल अलगद सुटतो.

बाकीचं पटकन. रसाच्या खोक्यांऐवजी कोकमाचं आगळ आणून ठेवा, नाहीतर ताक. बाटली स्टीलची. सॉस, कॉफी, शाम्पूच्या पुड्यांऐवजी मोठी बाटली किंवा बरणी. नूडल्स मुलांना आवडत असतील तर आठवड्यातून एकदा खाऊ द्या. खाऊसाठी नव्या काचेच्या बरण्यांचा संच मात्र मागवू नका, तो स्वतःच ढीगभर खोक्यांत आणि फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये येतो. माळ्यावर आईंचे जुने डबे असतील, ते उतरवा.

आता तुमची मुलगी. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण पत्रातली हीच गोष्ट मला सर्वांत हळवी वाटली. सहावीच्या वर्गात मैत्रिणींचं हसणं ही लहान बाब नसते. तिला पर्यावरणावर काही ऐकवू नका, ते तिला शाळेत पुरेसं ऐकायला मिळतं. आठवड्यातला एक दिवस, समजा शुक्रवार, तिच्या मर्जीचा ठेवा. त्या दिवशी पाकीट हवं तर पाकीट. फक्त दहा रुपयांची लहान लहान न आणता एकच मोठं आणा आणि डब्यात घालून द्या, तेवढ्याच खाऊला वेष्टन कमी लागतं. बाकीच्या दिवशी काय न्यायचं ते तिलाच ठरवू द्या. आणि डबा नेहमी एकीपुरता न देता तिघी-चौघींना पुरेल इतका द्या. एकटीच्या शंकरपाळ्यांना मैत्रिणी हसतात, वाटून खाल्लेल्या भडंगाला सहसा कुणी हसत नाही. तरीही तिला नको असेल, तर ह्या वर्षी शाळेचा डबा सोडून द्या आणि फक्त संध्याकाळची वेळ सांभाळा. २० पाकिटं तशीही कमी होतील.

दोन महिन्यांनी पुन्हा एक आठवडा पाकिटं साठवून मोजा, आणि ह्या वेळी मोजायला यजमानांना बसवा. आकडा कळवलात तर मला आवडेल.

तुमची,
ताई